कूलरच्या पाण्याची अक्षरं

मे महिन्यात दुपारी दोनला
जाटतरोडीत कुत्रंही आवाज काढत नाही.
ऊन दारापाशी उभं, वसुलीवाल्यासारखं,
आम्ही आत, कडी लावून, घरी नसल्यासारखे.
कूलर तेवढा बोलतो.
वैशालीची मेडिकलला दिवसपाळी,
माझी बुटीबोरीला रात्रपाळी,
मधली दुपार उत्पलाची.
वय चार वर्षं दोन महिने, झोप शून्य.

अंगणवाडीच्या बाईंनी तक्ता दिलाय:
पालकांनी रोज वीस मिनिटं.
सोमवारी रंग, मंगळवारी आकार,
बुधवारी मुलांशी गप्पा मारा
(म्हणजे ती दुसऱ्या कुणाला बोलू देते जसं काही).
तक्ता फ्रिजवर आहे. चौकोन कोरे आहेत.
सूतगिरणीत मी अठरा यंत्रांवर नजर ठेवतो,
कुठला धागा कधी तुटणार ते कानानं ओळखतो,
इथं एक पोरगी, आणि मला कळत नाही
कुठून सुरुवात करायची.

पाटी आणली. तिनं खडू खाल्ला.
तूर आणि मूग कालवून दिले, म्हटलं, निवड.
तिनं दोघांचं लग्न लावलं.
वरात पलंगाखाली गेली,
काही वऱ्हाडी अजून परतले नाहीत.
टरबुजाच्या बिया मोजायला बसलो,
अकरानंतर तिचे पंधरा येतात,
आणि पंधरानंतर, "आता पुरे जी."

मग एक दिवस कूलरच्या टाकीत बोट बुडवून
तिनं शहाबादी फरशीवर रेघ ओढली.
काळी, चकचकीत, गारेगार.
मी डोळ्यांवरचा गमछा काढला.
बोट बुडवलं, अ काढला.
त्याचा कणा उभा करेपर्यंत
पोट वाळून गेलं होतं.
"बाबा, अ उडला! कुठी गेला?"
"उन्हात."
"मंग परत येते का?"
इथं वाफ, ढग, सगळं सांगायला हवं होतं,
तक्त्यावर शुक्रवारी निसर्ग आहे.
मी म्हटलं, "बोलाव. येते."

तेव्हापासून रोज बोलावतो.
ग येतो, काठी बाजूला ठेवून.
ळ सगळ्यांत उशिरा जातो,
दोन्ही पोटांत पाणी भरून घेतो म्हणून.
ण मला तिसरीपर्यंत जमला नव्हता,
छडीनं हातावर उमटला, कागदावर नाही.
आता जमतो.
चुकला तर फुंकर मारायची,
फरशी कुणाला सांगत नाही.

परवा लाईट गेली.
कूलर एक सुस्कारा टाकून थांबला
आणि अख्खी गल्ली एकदम ऐकू आली:
कुणाचा तरी खोकला, कुणाची तरी बादली.
मी बनियन काढून फरशीवर पालथा पडलो.
पाठीवर गार बोट फिरलं.
"ओळखा."
"ग?"
"नाही."
"म?"
"बाबा, तुमाले काहीच येत नाही."
मुद्दाम हरलो दोनदा. तिसऱ्यांदा खरंच हरलो.
मानेपासून कमरेपर्यंत लांब काहीतरी,
मध्ये दोन टिंबं,
कुठल्याच बाराखडीत नसलेलं.
"हे काय आहे?"
"आई. येऊन राहिली ना ड्युटीवरून.
हे तिचे चपला."

वैशाली आली तेव्हा आम्ही दोघं तसेच झोपलेलो,
बादली कलंडलेली,
दाराजवळ मुगाचा एक दाणा, वरातीतला.
तिनं काही विचारलं नाही.
पिशवी ठेवली, फ्रिजवरच्या तक्त्याकडे बघितलं,
पेन शोधलं, सापडलं नाही,
मग नळाखाली बोट धरून
आजच्या चौकोनात पाण्यानंच बरोबरची खूण केली.
कागद तेवढा फुगला.

रात्री कंपनीच्या बसमध्ये
खापरीच्या पुढं वारा येतो, तोही गरम.
मी सीटला टेकलो नाही.